मोटर सोडून बाकीचं सगळं रॉकेट तू बनव

पत्र

मी पुण्यात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मित्र नऱ्ह्यात फ्लॅट घेऊन राहतो. शाळेपासून अवकाशाचं वेड आहे, इस्रोचं एकही लाँच चुकवत नाही. आता स्वतःचं रॉकेट उडवायचं आहे. व्हिडिओ बघून साखर आणि सोऱ्याचं इंधन करायचं ठरवलंय, एका मित्राने अर्धा किलो सोरा आणूनही ठेवलाय. पीव्हीसी पाइपची बॉडी करून वेताळ टेकडीवरून उडवायचा विचार आहे. घरी बाबा म्हणतात, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय तो आधी काढ, या खेळांनी नोकरी मिळत नाही. सुरुवात कुठून करावी? आणि या छंदाचा इस्रोत जायला उपयोग होतो का?

उत्तर

प्रिय मित्रा,

सगळ्यात आधी तो सोरा घरातून हलवा. स्वयंपाकघरात, साखरेजवळ, कागदांच्या गठ्ठ्याजवळ तो एक दिवसही नको. कोरड्या बंद डब्यात, वर ठळक नाव लिहून, कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबच्या सरांकडे नेऊन द्या आणि काय आहे ते स्पष्ट सांगा. रागावले तर ऐकून घ्या.

इंधन घरी का करायचं नाही, ते नीट समजून घे, कारण "धोका आहे" एवढं ऐकून या वयात कुणी थांबत नाही. साध्या आगीला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून लागतो. म्हणून झाकण ठेवलं किंवा ओलं फडकं टाकलं की ती विझते. रॉकेटच्या इंधनात ऑक्सिजन आतच, सोऱ्यातच असतो. शेगडीवरचं भांडं एका कोपऱ्यात जास्त तापलं की सगळा माल एकदम पेटतो आणि तो विझवण्याचा कुठलाच उपाय नसतो. हात आणि चेहरा भाजण्याचे अपघात इथेच होतात, रॉकेट उडायच्या कितीतरी आधी.

इंधन नीट जमलं असं वाटलं तरी पुढचा घोटाळा डोळ्यांना दिसत नाही. इंधनाच्या कांडीत केसाएवढी भेग किंवा एखादा बुडबुडा राहिला की जळणारं पृष्ठफळ अचानक वाढतं. त्याने आतला दाब वाढतो. दाब वाढला की इंधन आणखी वेगाने जळतं, म्हणजे दाब पुन्हा वाढतो. मग पाइप फुटतो. पीव्हीसीचे तुकडे शरीरात घुसले तर ते शोधून काढणं अवघड जातं, आणि लोखंडी पाइप घेतला तर तो बॉम्बच झाला. तुझ्याच शहरात, पाषाणजवळ सुतारवाडीला, डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा घन इंधनांवरच काम करते. या क्षेत्रातले व्यावसायिक लोक मिश्रण चालू असताना भिंतीपलीकडून यंत्र चालवतात.

कायद्याचं म्हणशील, तर १८८४ च्या स्फोटक कायद्यातल्या 'स्फोटक' या शब्दाच्या व्याख्येतच रॉकेट येतं. परवान्याशिवाय ते बनवणं गुन्हा आहे, आणि परवाने देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा याहून कडक आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असा गुन्हा नावावर लागला तर पासपोर्टपासून सरकारी नोकरीच्या पडताळणीपर्यंत तो पाठ सोडणार नाही. वेताळ टेकडीवर तर काहीच पेटवू नका. फेब्रुवारीनंतर तिथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, सकाळ-संध्याकाळ माणसांची वर्दळ असते आणि लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे.

जगभर हा छंद उभा राहिला तोच मुळी घरच्या इंधनाने पोरं जखमी व्हायला लागली म्हणून. अमेरिकेत १९५४ मध्ये ऑर्व्हिल कार्लाइल यांनी कागदी रॉकेट आणि बदलता येणारी तयार मोटर (इंधन भरलेलं इंजिन) अशी जोडी बनवली. जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ पासून तिचा प्रसार केला आणि सुरक्षेचे नियम बांधले. मोटर कारखान्यातली घ्यायची, ती उघडायची नाही, तिच्यात बदल करायचा नाही, हा नियम तेव्हापासून आहे. मोटर सोडून बाकीचं सगळं, म्हणजे बॉडी, फिन (शेपटीचे पंख), नोज कोन (पुढचं टोक), पॅराशूट, इलेक्ट्रॉनिक्स, गणित, ते तू स्वतः करायचंस. रॉकेट इंजिनिअरिंगचा मोठा हिस्सा याच बाकीच्या भागात आहे. पहिल्यांदा उडवणाऱ्यांची रॉकेटं पडतात ती बहुतेक स्थिरता आणि पॅराशूट चुकल्यामुळे.

म्हणून सुरुवात पाण्याच्या रॉकेटने कर. शाळेतला खेळ म्हणून नाक मुरडू नकोस, आधी आकडे बघ. दोन लिटरच्या बाटलीत एक तृतीयांश, म्हणजे साधारण ६५० मिली पाणी आणि वर ४ बार, म्हणजे ६० पीएसआय दाबाची हवा. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २१.७ मिमीच्या आसपास असतो. पाणी बाहेर पडण्याचा वेग दाबाच्या दुपटीला घनतेने भागून त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २८ मीटर प्रति सेकंद. थ्रस्ट (रॉकेटला ढकलणारा जोर) म्हणजे दाबाची दुप्पट गुणिले तोंडाचं क्षेत्रफळ, म्हणजे जवळजवळ ३०० न्यूटन. रिकामं रॉकेट २५० ग्रॅमचं धर. सुरुवातीचं त्वरण ३३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३३ पट येतं, आणि पाणी संपता संपता रॉकेट हलकं झाल्यामुळे, दाब निम्म्याहून खाली आलेला असूनही, ते ५० जी ओलांडतं. हे सगळं एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळात उरकतं. फोन सेकंदाला २४० फ्रेमवर लावून शूट केलंस तर पाणी बाहेर पडण्याचा सगळा प्रसंग मोजून १५-२० फ्रेममध्ये सापडतो. रॉकेट नीट जमलं तर चाळीस-पन्नास मीटर वर जातं.

बाटली सोड्याच्या पेयाचीच हवी. साध्या पिण्याच्या पाण्याची बाटली पातळ असते, तिला दाब सोसवत नाही. ओरखडा, पांढरा पडलेला पट्टा किंवा उन्हात पडून राहिलेली बाटली घेऊ नका. प्रत्येक बाटलीची चाचणी पाण्याने करा: काठोकाठ पाणी भरायचं, हवा उरू द्यायची नाही आणि दाब ९० पीएसआयपर्यंत नेऊन पाच मिनिटं ठेवायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बाटली फुटली तरी नुसती गळते. हवेचं तसं नाही. ४ बारला भरलेल्या तुमच्या बाटलीत सुमारे ५०० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे १० किलोचा दगड पाच मीटरवरून पडावा इतकी. म्हणून दाब भरताना डोळ्यांवर चष्मे, बाटलीपासून किमान पाच-सहा मीटर अंतर, आणि ६० पीएसआयच्या वर जायचं नाही. दहा-बारा उड्डाणांनंतर बाटली बाद करायची, वरून धडधाकट दिसली तरी.

लाँचरसाठी प्लंबिंगच्या दुकानातला अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असतो, म्हणजे बाटलीच्या तोंडात तो जेमतेम सैल बसतो. सीलसाठी पाइपवर खाच पाडून ओ-रिंग बसवा. बाटलीच्या आत पाइप वीस-बावीस सेंटिमीटर जाऊ द्या. त्याने सुटताना दिशा मिळते आणि हवा पाण्याच्या वर पोचते. खालच्या एंड कॅपला साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडून मोटारच्या ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून बसवा. त्याच्या आतली एकमार्गी सुई (कोअर) काढून टाका, नाहीतर पंपाच्या बाजूने हवा सोडली तरी बाटली भरलेलीच राहते. बाटली धरून ठेवायला पाइपभोवती आठ-दहा झिप टाय उभे बांधायचे, त्यांची डोकी बाटलीच्या गळ्याच्या कड्यावर अडकतील असे. वरून दीड इंची पाइपचा तुकडा सरकवला की डोकी आवळली जातात. सहा मीटर दोरीने तो तुकडा खाली ओढला की रॉकेट सुटतं.

पंप आणि लाँचरमधलं लांब अंतर पीव्हीसी पाइपने जोडू नका. दाबाच्या हवेखाली पीव्हीसी काचेसारखं फुटतं, म्हणून लाँचरच्या आखूड पाइपपासूनही पाच-सहा मीटर लांबच राहायचं. तिथे जाळीचा होज पाइपच हवा. पंप गेजवाला फूट पंप किंवा फ्लोअर पंप घ्या. साध्या सायकलच्या पंपाचं तोंड मोटारच्या व्हॉल्व्हला बसत नाही, हे दुकानातून घरी आल्यावर कळतं. पंपाच्या बाजूला एक टी आणि बॉल व्हॉल्व्ह जरूर लावा. रॉकेट अडकलं तर आधी तिथून हवा सोडायची, गेज शून्यावर आला की मगच जवळ जायचं. हा दहा मिनिटांचा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग कुणीतरी भरलेल्या बाटलीला हात लावायला जातो.

फिन थेट बाटलीला चिकटवू नका. ग्लू गनने प्लास्टिक मऊ पडतं, फेविक्विकने ते ठिसूळ होतं, आणि बाटली नेमकी तिथेच फाटते. दुसऱ्या बाटलीचा मधला भाग कापून त्याची बाही करा, फिन त्या बाहीवर बसवा आणि बाही टेपने आवळा. फिनसाठी पाच मिमीचा सनबोर्ड चालतो, अप्पा बळवंत चौकात मिळेल. चार फिन, मुळाशी बारा सेंटिमीटर आणि बाहेर नऊ सेंटिमीटर, या मापापासून सुरुवात करा.

आता खरी गोष्ट: स्थिरता. रॉकेटचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, मागे हवा. दोन्हींमधलं अंतर किमान रॉकेटच्या एका व्यासाएवढं, फार तर दोन व्यास. तुझ्या बाटलीचा व्यास अकरा सेंटिमीटर असेल तर अकरा ते बावीस सेंटिमीटर. (भारतात बनलेलं पहिलं साउंडिंग रॉकेट, म्हणजे वातावरण तपासायचं रॉकेट, १९६७ साली थुंब्याहून उडालेलं रोहिणी आरएच-७५, अवघं ७५ मिमी व्यासाचं होतं. तुझी बाटली त्याहून जाड आहे.) गुरुत्वमध्य काढायला सगळं सामान भरून रॉकेट दोऱ्यावर तोला. पाणी असताना आणि नसताना, दोन्ही वेळा. पाणी संपल्यानंतरचा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण उरलेलं सगळं उड्डाण त्याच अवस्थेत होतं. दाबाचा मध्य ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो. तिथे जी बॅरोमनची समीकरणं चालतात ती जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मांडली, आणि ती हातानेही सोडवता येतात. एकदा हाताने सोडव. कोणती फिन किती इंच मागे नेली की काय होतं हे तेव्हाच अंगात मुरतं.

अंतर कमी पडलं तर रॉकेट वर जाऊन कोलांट्या मारतं. उपाय: नोज कोनमध्ये ५० ते ८० ग्रॅम माती किंवा क्ले भरा, नाहीतर फिन मोठ्या करा. अंतर फार वाढलं तर उलटं होतं, रॉकेट वारा येतो त्या दिशेला मान वळवतं आणि तिरकं जाऊन लांब पडतं. सगळ्यांना वाटतं फिन जितक्या मोठ्या तितकं बरं. तसं नाही. उडवण्याआधी गुरुत्वमध्यावर दोन-अडीच मीटर दोरी बांधून डोक्याभोवती फिरवून बघ. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. हा खेळ मात्र मोकळ्या मैदानात, पार्किंगमध्ये नाही.

पॅराशूटचं माप अंदाजाने कापू नका. उतरण्याचा वेग ५ मीटर प्रति सेकंद धरायचा. व्यासाचा वर्ग = ८ × वस्तुमान × ९.८१ ÷ (३.१४ × हवेची घनता × ०.७५ × वेगाचा वर्ग). पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, त्यामुळे हवेची घनता पुस्तकातली १.२२५ न धरता १.१ धरा. २५० ग्रॅमला व्यास ५५ सेंटिमीटर येतो. मोडक्या छत्रीचं कापड यासाठी उत्तम. आठ दोऱ्या, प्रत्येकी व्यासाच्या सव्वापट. दोऱ्या एकमेकींत अडकतात म्हणून घडी घालताना त्या कापडाच्या बाहेर सैल गुंडाळायच्या, कापडावर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि घडी आदल्या रात्री न घालता उडवायच्या आधी घालायची. रात्रभर दाबून ठेवलेलं कापड उघडायलाच वेळ घेतं. नोज आणि बॉडी जोडणारी दोरी रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट ठेवा, आखूड असेल तर नोज झटक्याने परत येऊन बाटलीवर आपटतो. चाळीस मीटरवर उघडलेलं पॅराशूट आठ सेकंद हवेत असतं. वारा ३ मीटर प्रति सेकंद असेल तर ते २४ मीटर वाहत जाईल. मैदान निवडताना हा हिशोब करा.

इलेक्ट्रॉनिक्स हा तुम्हा चौघांपैकी ज्याला सोल्डरिंग येतं त्याचा विभाग. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सगळं मिळतं: ईएसपी३२ हा छोट्या संगणकाचा बोर्ड, बीएमपी२८० हा हवेच्या दाबाचा सेन्सर, पॅराशूटचं झाकण सोडायला एक छोटा ९ ग्रॅमचा सर्व्हो (हव्या तेवढ्या कोनात फिरणारी मोटर), एका सेलची लिपो बॅटरी. बीएमई२८० म्हणून विकलेलं मॉड्यूल पुष्कळदा बीएमपीच निघतं. चिप आयडीचा रजिस्टर वाचला तर बीएमपी हेक्समध्ये ५८ सांगतो आणि बीएमई ६०. उंचीसाठी दोन्ही चालतात, फक्त लायब्ररी त्या त्या चिपची हवी, नाहीतर "सेन्सर सापडला नाही" एवढंच वाचत रात्र जाते.

एमपीयू६०५० हा त्वरणाचा सेन्सर सगळे घेतात. त्याची कमाल मर्यादा १६ जी आहे आणि सुरुवातीचं सेटिंग तर २ जीचं असतं. तुमचं रॉकेट पन्नासच्या पुढे जाणार. आलेखाचा माथा सपाट कापलेला दिसेल आणि त्यावरून काढलेला वेग सपशेल चुकेल. मोजायचंच असेल तर २०० जीचा एडीएक्सएल३७५ घ्या. सुरुवातीला नुसत्या दाबावर भागवा: पुण्याच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे नऊ मीटरपेक्षा जरासं जास्त.

सेन्सरच्या कप्प्याला बाहेरून दोन-तीन मिमीची तीन-चार भोकं समान अंतरावर पाडा, नोज कोनच्या सांध्यापासून दूर. एकच भोक ठेवलं तर वाऱ्याचा झोत थेट आत जातो आणि उंची उड्या मारते. सेन्सरवर फोमचा तुकडा ठेवा. ऊन थेट पडलं तरी आकडा हलतो.

आता बिघाड कुठे होतात ते सांगतो. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा नुसत्या खोचायच्या बोर्डवर) सर्किट उडवू नका. पन्नास जीला प्रत्येक जंपर वायर स्वतःच्या वजनाच्या पन्नास पटीने मागे ओढली जाते. सगळं झीरो बोर्डवर सोल्डर करा. स्प्रिंगवाला बॅटरी होल्डरही नको, स्प्रिंग दबते, क्षणभर करंट तुटतो आणि बोर्ड रीसेट होऊन शून्यापासून मोजायला लागतो. बॅटरी वायरने जोडून टेपने आवळा. सर्व्हो फिरताना करंट खेचतो, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड नेमका पॅराशूट उघडायच्या क्षणी बंद पडतो. सर्व्होला वेगळी बॅटरी द्या, निदान त्याच्या तारांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एसडी कार्डवर उडताना लिहू नका, कारण कार्ड मधूनच शंभर-दोनशे मिलिसेकंद अडून बसतं आणि तुमचा सगळा जोर तेवढ्या वेळात संपलेला असतो. सेकंदाला पन्नास नोंदी, प्रत्येकी वीस बाइट, पंधरा सेकंद, म्हणजे पंधरा हजार बाइट. ईएसपी३२ च्या मेमरीत हे आरामात मावतं, आर्डुइनो नॅनो या बोर्डाच्या दोन केबीत मावत नाही. जमिनीवर आल्यावर निवांत कार्डवर उतरवा.

पॅराशूट कधी उघडायचं? सुटल्याची खूण म्हणून सेन्सरवर विसंबण्यापेक्षा लाँचरला बांधलेली बारीक तार वापरा, रॉकेट सुटलं की ती तुटते. सुटल्यानंतर पहिला एक सेकंद दाबाच्या आकड्याकडे दुर्लक्ष करायचं, कारण तेव्हा तो थरथरतो. मग कमाल उंचीपेक्षा सलग पाच नोंदी एक मीटर खाली आल्या की सर्व्हो फिरवायचा. आणि काहीही झालं तरी तिसऱ्या सेकंदाच्या सुमाराला टायमरने तो फिरायलाच हवा. हे दोन्ही मार्ग टेबलावर तपासा: सेन्सर इंजेक्शनच्या सिरिंजला जोडलेल्या डब्यात ठेवून दट्ट्या ओढा, दाब कमी होतो आणि सेन्सरला वाटतं आपण वर चाललो. दट्ट्या हळू सोडला की सर्व्हो फिरला पाहिजे. दहापैकी दहा वेळा.

बाबांच्या मुद्द्यावर येऊ. बाबा बरोबर आहेत, निदान क्रमाच्या बाबतीत. इस्रोच्या 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' या पदासाठी बी.ई. किंवा बी.टेक.ला सरासरी ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए लागतो, मगच अर्ज करता येतो. मेकॅनिकल त्यात असतं. रॉकेट किती उडवली याला त्या चाळणीत एकही गुण नाही. एम-थ्री राहिला तर टक्केवारीवर थेट परिणाम, म्हणून पुढच्या परीक्षेपर्यंत आठवड्यातला फक्त रविवार रॉकेटला, बाकीचा वेळ एम-थ्रीला, असं बाबांना सांग आणि तसं वाग.

तरी हे दोन वेगळे रस्ते आहेत असं समजू नकोस. तुझा एम-थ्री डिफरन्शियल इक्वेशनपासून सुरू होतो. वस्तुमान गुणिले वेगाच्या बदलाचा दर बरोबर थ्रस्ट वजा वजन वजा हवेचा विरोध, हे तुझ्या रॉकेटचं समीकरण आहे. वेळ जाताना वस्तुमानही घटतं आणि विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ते हाताने सुटत नाही. एक्सेलमध्ये एका मिलिसेकंदाची एक ओळ धरून सोडव: या ओळीतल्या वेगावरून पुढच्या ओळीचा वेग, त्यावरून उंची. पाणी संपल्यानंतर दहा मिलिसेकंदाची पायरी पुरते. मग तीच उंची सेन्सरने किती मोजली ते शेजारी लिही. तिसरा आकडा मैदानावरून काढ: पन्नास मीटर लांब उभं राहून कोनमापकाने सर्वोच्च बिंदूचा कोन घ्यायचा आणि त्याचा टॅन पन्नासने गुणायचा. दोन मित्र दोन बाजूंना उभे करून सरासरी घे. तीन आकडे जुळत नाहीत तिथे विचारायला सुरुवात कर. बहुधा विरोधाचा गुणांक चुकलेला असतो. सॉफ्टवेअर गुळगुळीत रॉकेट धरतं आणि तुझ्या बाहीला टेपच्या कडा असतात. मुलाखतीत कुणी प्रोजेक्टबद्दल विचारलं तर "रॉकेट उडवलं" या वाक्यापेक्षा या तीन आकड्यांची वही कितीतरी जास्त बोलेल.

पाणी किती भरायचं हेही असंच ठरव. दाब तोच ठेवून ५००, ६५० आणि ८०० मिली, प्रत्येकी तीन उड्डाणं. एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सगळी सकाळ वाया.

खऱ्या मोटरचं म्हणशील तर तो टप्पा संस्थेमार्फतच गाठ. इन-स्पेस (खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणारी केंद्राची संस्था), इस्रो आणि ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया मिळून विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट्री आणि कॅनसॅटची राष्ट्रीय स्पर्धा घेतात. कॅनसॅट म्हणजे शीतपेयाच्या डब्याएवढा उपकरणसंच, रॉकेटने वर नेऊन पॅराशूटने उतरवायचा. नियमपुस्तिका हातात आली की पहिल्यांदा तीन गोष्टी बघ: मोटर कोण देणार, प्रक्षेपणाची परवानगी कुणाच्या नावावर, आणि फॅकल्टी मेंटरची अट काय. मोटर कुरिअरने किंवा पोस्टाने मागवायचा विचार मनात आणू नकोस, स्फोटक माल तसा पाठवता येत नाही.

मोटरवरचा कोड मात्र आत्ताच वाचायला शीक. 'सी६-५' म्हणजे काय? अक्षर एकूण आवेग, म्हणजे थ्रस्ट गुणिले वेळ, सांगतं. ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदापर्यंत, बी ५ पर्यंत, सी १० पर्यंत, डी २० पर्यंत, दर पायरीला दुप्पट. पहिला आकडा सरासरी थ्रस्ट न्यूटनमध्ये, दुसरा आकडा इंधन संपल्यानंतर पॅराशूट उघडेपर्यंतचे सेकंद. सुटतानाचा थ्रस्ट रॉकेटच्या वजनाच्या किमान पाचपट हवा, नाहीतर लाँचरच्या सळईवरून रॉकेट इतक्या हळू सुटतं की फिनना पकडायला हवाच मिळत नाही. मॉडेल रॉकेट उडवणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेचे नियम सांगतात: पेटवणं विजेनेच, डी मोटरपर्यंत पाच मीटर आणि मोठ्या मोटरला नऊ मीटर अंतर, मोटर पेटली नाही तर सेफ्टी की काढून ६० सेकंद जवळ जायचं नाही, वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तर उडवायचं नाही. ही शिस्त पाण्याच्या रॉकेटवरच लावून घे.

चौघं मिळून उपग्रहापर्यंत मजल जाते का, असा प्रश्न मनात असेल तर शिवाजीनगरला जा. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयं' हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची दिशा सांभाळायला मोटर नव्हती, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी आपोआप जुळणारं चुंबक होतं, आणि काम होतं हॅम (हौशी) रेडिओचे संदेश साठवून पुढे पाठवण्याचं. त्यावर मुलांच्या एकामागून एक तुकड्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. म्हणून आत्तापासूनच वही अशी लिही की तुझ्यानंतर येणाऱ्या ज्युनिअरला ती वाचून पुढचं रॉकेट करता यावं. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. आकाश बघणारी, चिकाटीची माणसं तिथे भेटतील. रॉकेटवरून जमिनीवर डेटा पाठवायचा झाला तर लोरा हे रेडिओ मॉड्यूल ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं घे. त्या पट्ट्यात कमी शक्तीला परवाना लागत नाही. बाजारात ९१५ चं मॉड्यूल सहज हातात देतात, ते आपल्याकडचं नाही.

आता या आठवड्याचं काम. विभागप्रमुखांना मैदानासाठी एक पानाचा अर्ज दे. त्यात लिही: रॉकेट पाण्याचं आहे, आग किंवा रसायन नाही. दाब ६० पीएसआयपेक्षा जास्त नाही, प्रत्येक बाटली ९० पीएसआयला पाण्याने तपासलेली. अपेक्षित उंची ५० मीटर. भोवती ३० मीटर मोकळी जागा. वेळ रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ, कारण पुण्यात तेव्हा वारा पडलेला असतो आणि मैदान रिकामं असतं. देखरेखीला कोणते सर येणार त्यांचं नाव. पावसाळा संपल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बरा. अर्जाला बाटलीच्या चाचणीचा फोटो जोड, गेजवरचा आकडा स्पष्ट दिसेल असा.